घोटा, गुडघा, कंबर, छाती

सोमवार, ३ ऑक्टोबर

ही वही थोरलीनं आणून दिली. गेली बावीस वर्षं मी रोज एकच ओळ लिहितो, तीही किनाऱ्यावरच्या फळ्यावर, खडूनं. ‘आज लाट गुडघाभर, वारा मंद, नवशिक्यांनी यावं.’ तेवढ्यावर माझं साहित्य संपतं. पण ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही पहाटे अंथरुणातून लाट सांगता, मी फोनवर बघून सांगते. पंधरा दिवस दोन्ही लिहून ठेवा. काय ते खरं-खोटं होऊन जाऊ दे.”

होऊ दे की. मी पंक्चरच्या दुकानात वाढलेला माणूस. बाकीचे ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधायचे, मी नुसती कानाशी धरून सांगायचो, व्हॉल्व्हपासून चार बोटं डावीकडे. पुढे कुणीतरी टाकून दिलेले दोन फुटके सर्फबोर्ड ट्यूबसारखेच जोडले, पडत-धडपडत त्यांच्यावर उभा राहिलो आणि लोकांना शिकवायला लागलो. घर किनाऱ्यापासून तीनशे पावलांवर. पहाटे डोळे न उघडता ऐकायचं. लाटेचा धप्प किती जड, मागून फेस वाळूवर किती वेळ सळसळतो, दोन धप्पांत माझे श्वास किती होतात. त्यावर मापं ठरलेली: घोटा, गुडघा, कंबर, छाती. गुडघ्यापर्यंत नवशिक्यांनी खुशाल यावं. कंबर असेल तर धट्टेकट्टे तेवढे. छाती म्हणजे लाल झेंडा, सगळ्यांनी घरी जाऊन चहा प्यावा.

आज मी म्हटलं गुडघा. थोरली म्हणाली कंबर. निघाली कंबर. उशिरा वारा फिरला, दुसरं काही नाही.

खरी कटकट दुपारी पाकिटातून आली. किनारा खात्याचं पत्र. मी शिकवतो त्या वाळूच्या पट्ट्याची परवानगी महिनाअखेर संपते, आणि पलीकडच्या हॉटेलला तिथे छत्र्या-खुर्च्या मांडायच्या आहेत. खात्याच्या बाई नवशिक्यांचा एक वर्ग स्वतः बघणार, मग पट्टा कुणाला ते ठरवणार. दिवस दहा ते सोळा तारखेमधला मीच निवडायचा आणि शुक्रवारपर्यंत कळवायचा. खाली रेघ मारून लिहिलंय: ‘योग्य दिवस ओळखणे हा तपासणीचाच भाग मानला जाईल. दुसरी संधी नाही.’

बावीस वर्षं समुद्राशी संसार केला, आता लग्नाचा दाखला मागतायत.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

मी: गुडघा. थोरली: कंबर. निघाली गुडघ्याच्या वर चार बोटं. मी हे माझ्या बाजूनं धरतो. थोरली धरत नाही.

गेले दोन-तीन महिने हा समुद्र विचित्रच वागतोय. पहाटे एक बोलतो, सकाळी दुसरं करतो.

माणसांचंही तेच. बायकोला पुटपुटायची सवय लागली आहे. ओट्याकडे तोंड करून काहीतरी बोलते आणि वर “ऐकलंत का” विचारते. ऐकण्यासाठी आधी बोलावं लागतं. तेहतीस वर्षं हिचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचायचा, आता म्हातारपणी हिला नजाकत सुचली. टीव्हीवर बातम्या देणारेही तोंडातल्या तोंडात बोलतात. शेजारचा शिंपी मात्र भिंत ठोकून सांगतो, आवाज कमी करा. जन्मभर मशीनच्या खडखडीत बसून बिचाऱ्याचे कान बिघडले असणार.

जेवताना नळ चालू ठेवून बायको म्हणाली, “एकदा खांदा दाखवून या हो.” उजवा खांदा दुखतोय खरा, बोर्ड वाहून वाहून. म्हणून हल्ली डाव्या कुशीवरच झोपतो. म्हटलं, “खांद्याला काय धाड भरलीय? शेक दिला की झालं.” मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग बायकोनं न मागता माझ्या पानात आणखी वाढलं. काहीतरी शिजतंय यांचं.

गुरुवार, ६ ऑक्टोबर

दिवस कोणता, यावरून जुंपली.

थोरली म्हणते बुधवार, बारा तारीख. त्या सकाळी वारा जमिनीकडून, लाट गुडघाभर, पाणी काचेसारखं. दूर भर समुद्रात वादळ जमतंय म्हणे, त्याच्या लाटा शनिवारी, पंधराला, इथे पोचणार, दोन लाटांत चौदा सेकंद.

“चौदा सेकंद म्हणजे निवांतच की.”

“उलट आहे पप्पा. अंतर जितकं जास्त, तितकं पाणी जड. तुम्हीच शिकवलंत.”

शिकवलं असेन. पण मी शनिवारच धरून बसलो. एक तर त्या दिवसांत चंद्र अर्ध्यावर, भरती-ओहोटीत जोर नसतो. दुसरं म्हणजे दर ऑक्टोबरात याच सुमाराला आपला समुद्र तळं होतो, हे फोनला काय ठाऊक? तिसरं, शनिवारी निवृत्त नर्सबायकांचा बारा जणींचा गट येतो. हसतमुख, सांगितलेलं ऐकणाऱ्या. बाईंनी बघावं असा वर्ग. बुधवारी वर्गाला कोण बसणार, शिट्टी?

शिट्टी म्हणजे आमचा जीवरक्षक. मनोऱ्यावर बसून दिवसभर फुंकतो, म्हणून ते नाव.

थोरली ऐकेना. मग माझ्या तोंडून गेलं, “कानामागून आली आणि तिखट झाली.”

ती उठून माझ्या दुसऱ्या बाजूला आली आणि तेच सगळं पुन्हा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली. बुधवार. वारा. वादळ. मी जणू परदेशी पाहुणा. याचाच राग आला जास्त. उठून गेलो.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

मी: घोटा. थोरली: गुडघा. निघाली गुडघा.

शेडमध्ये बोर्डाची भेग बुजवत होतो. डावा हात चिकटलेला, म्हणून फोन उजव्या हातानं घेतला, उजव्या कानाला. खात्याच्या बाईच होत्या. आवाज फार मऊ, कापसात गुंडाळल्यासारखा. सरकारी माणसानं असं बोलू नये, संशय येतो. शनिवार पंधरा सांगितलं. त्यांनी वेळ सांगितली. खात्री म्हणून विचारलं, “आठ ना?” त्यांनी पुन्हा सांगितलं, आठ. म्हटलं बरं.

थोरली म्हणाली, “आठ? आठला समुद्राकडचा वारा सुटतो. सातला बोलवायचं.”

“बाईंनीच सांगितलं.”

“मी फोन करून विचारू का?”

“माझ्या कानांनी ऐकलंय.”

यावर ती पॉलिश पेपर उचलून बोर्ड घासायला लागली, नको इतक्या जोरात.

सोमवार, १० ऑक्टोबर

आठवड्याचा हिशोब मांडला आणि तोंड कडू झालं. एखादा दिवस सोडला तर मी रोज बरोबर एका पायरीनं खाली. गुडघा म्हटलं की कंबर, घोटा म्हटलं की गुडघा. चुकणारा माणूस कधी वर चुकतो, कधी खाली. इतकं शिस्तीत कुणी चुकतं का?

म्हणजे चूक माझी नाही. वाळूचा बांध सरकला असणार. लाट जिथे फुटते तो पाण्याखालचा बांध जर आत गेला असेल, तर आवाज लांबून येणार, लहान वाटणार. सरळ आहे. गुरुवारी पोहत जाऊन बघतो.

थोरलीला सांगितलं. ती म्हणाली, “बघा.” नुसतं बघा. हिच्या आईचं वळण.

बुधवार, १२ ऑक्टोबर

आजचा दिवस लिहायचा नव्हता.

पहाटे काहीच ऐकू आलं नाही. फळ्यावर लिहिलं, ‘घोटाभर, बोर्ड आज विश्रांती घेतील.’ आणि नऊपर्यंत किनाऱ्यावर बसून बघत राहिलो. गुडघाभर लाट, एकामागून एक, सारखी, शिस्तीची, कुणी पट्टीनं आखल्यासारखी. वारा जमिनीकडून, इतका हलका की फेसावरचे तुषार मागे उडत होते. आंधळ्याला उभं करता आलं असतं बोर्डावर. अशी सकाळ वर्षात चार वेळा येते.

थोरली शेजारी बसली होती. एक शब्द बोलली नाही. न बोलणंही एक मोठ्यानं बोलणं असतं, ते मला स्वच्छ ऐकू आलं.

शिट्टी मनोऱ्यावरून उतरून आला. “मास्तर, फळा बदलू का?”

म्हटलं, “तू खाली उतरायचे पैसे घेतोस की वर बसायचे?”

हसला. मी नाही हसलो. दिवस गेला तो गेला, आणि दुसरी संधी नाही म्हणून पत्रात रेघ मारलीय.

गुरुवार, १३ ऑक्टोबर

पोहत बांधापर्यंत गेलो. पायानं चाचपला. होता तिथेच आहे, वीतभरही हललेला नाही. मेला.

परत येताना बघतो तर शिट्टी गुडघाभर पाण्यात उभा राहून दोन्ही हात हलवतोय, चेहरा लालबुंद.

“मास्तर, दहा मिनिटं शिट्टी मारतोय. ओढ सुरू झाली होती तुमच्या डाव्या अंगाला.”

ओढ म्हणजे किनाऱ्याला आलेलं पाणी जिथून परत समुद्रात पळतं तो पाट. त्यात नवखा सापडला की तो गेला आत. मी नवखा नाही. पण शिट्टी वाजली असती तर ऐकली असती की. त्याला सांगितलं, शिट्टीतला मणी झिजलाय, बदलून घे. त्यानं शिट्टी तोंडात धरली, माझ्याकडे बघत फुंकली, आणि पलीकडे पन्नास पावलांवरची कुत्री उठून पळाली.

“झिजलाय खरा,” तो म्हणाला, आणि तोंड फिरवून निघून गेला.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

दिवसभर पाणी सपाट. थोरली म्हणते मोठ्या लाटांच्या आधी असंच असतं. मी म्हणतो सपाट असलं की सपाट असतं. संध्याकाळीच फळा ओल्या फडक्यानं पुसून झोकदार अक्षरात लिहून ठेवला: ‘गुडघाभर, सर्वांनी यावं.’ बाईंनी आल्या आल्या अक्षर बघावं.

थोरली फळ्याकडे बघत म्हणाली, “उद्याचं आजच?”

“आत्मविश्वास म्हणतात याला.”

“याला खडू म्हणतात, पप्पा. पुसला जातो.”

शनिवार, १५ ऑक्टोबर

घडलं तसं लिहितो.

साडेपाचला जाग आली. पडल्या पडल्या ऐकलं. लांब कुणीतरी सतरंजी झटकतंय, इतपत आवाज. घोटा, फार तर गुडघा. मनात म्हटलं, आता बघू फोन काय म्हणतो. थोरली केव्हाच बाहेर पडली होती. बायको दारात उभी राहून काही सांगत होती, खिडकीकडे हात करत होती. तिला म्हटलं, “काळजी नको, तळं आहे तळं.” दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. आठला बाई येणार म्हणून सव्वासातला निघालो.

शेवटचं वळण घेतलं आणि आधी झेंडा दिसला. लाल. मग फळा. माझं अक्षर पुसलेलं. तिथे थोरलीचं: ‘लाट छातीभर. ओढ आहे. आज कुणीही पाण्यात उतरणार नाही.’ खाली तिची सही आणि वेळ, सहा वाजून दहा मिनिटं.

वाळूवर नर्सबायका अर्धगोलात बसलेल्या. थोरली काठीनं वाळूत चित्र काढून दाखवत होती, ओढ कशी ओळखायची, सापडलो तर किनाऱ्याकडे न झुंजता आडवं कसं पोहायचं. उलट्या टबावर एक बारीकशी बाई मांडीवर वही घेऊन लिहीत बसलेली. चपलांना लागलेली ओली वाळू सुकूनही गेलेली, म्हणजे येऊन बराच वेळ झालेला.

“वर्ग कुणी रद्द केला?” मी ओरडलो. माझाच आवाज डोक्यात घुमला, रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा.

“मी,” थोरली म्हणाली.

बाईंना म्हटलं, “आठ ठरलं होतं ना?”

“सात म्हटलं होतं मी. तुम्ही आठ ना विचारलंत, मी पुन्हा सात म्हटलं, तुम्ही बरं म्हणालात.”

मी त्यांना काहीतरी झणझणीत सुनावणार होतो. तोंड उघडलंही. तेवढ्यात बांधावर लाटांची रांग उभी राहिली, हिरवीगार, माझ्या छातीच्या वर, आणि पहिली फुटली. मी ती फुटताना बघितली. नर्सबायका जागच्या जागी दचकल्या, एकीनं कानांवर हात ठेवले. शिट्टी मनोऱ्यावर उठून उभा राहिला.

आणि मला आला तो सतरंजी झटकल्याचा आवाज. तोच, पहाटेचा.

पुढची लाट फुटली. पुन्हा सतरंजी. मी तिसऱ्या लाटेची वाट बघत तसाच उभा राहिलो, तोंड उघडं.

बाई उठून जवळ आल्या. “तुम्ही वेळेवर असता तर काय केलं असतंत?”

“हेच. रद्द.”

हे खोटं आहे, इथे लिहून ठेवतो. मी त्यांना पाण्यात नेलं असतं. डोळ्यांनी लाट बघितली असती, पण पहाटे कानांनी ठरवलेलं होतं, बाई आलेल्या होत्या, पट्टा जाणार होता. ‘जरा उथळातच’ म्हणत बारा जणींना मी त्या ओढीच्या तोंडाशी उभं केलं असतं. हसतमुख, सांगितलेलं ऐकणाऱ्या.

“रोजचा फळा कोण लिहितं?” बाईंनी विचारलं.

“बावीस वर्षं मीच.”

“आजचा?”

थोरली वाळूतल्या चित्राकडे बघत होती. माझ्यासाठी वाट मोकळी ठेवली होती तिनं, मला समजलं. सही तेवढी अडचणीची, तीही पुसता आली असती. खडूच तो.

“तिनं,” मी म्हटलं. “मी येण्याआधीच.”

बाईंनी अर्ज काढला, एका रकान्यावर बोट ठेवलं. “‘पाण्यात उतरायचं की नाही हे ठरवणारी व्यक्ती.’ इथे त्यांचं नाव येईल. तुमचं खाली.”

“खाली म्हणजे?”

“सहायक. आणि परवानगी तीन वर्षांची असते. दिवस चुकीचा निवडलात, त्याची दोन कापली. वर्ग घेतला गेला नाही, त्याचं एक दिलं.”

पट्टा राहिला. हॉटेलच्या खुर्च्या वर्षभर तरी गोदामात. आनंद व्हायला हवा होता. बावीस वर्षांनी सहायक. सगळे बोर्ड धुतले.

संध्याकाळी बायको येऊन माझ्या डाव्या हाताला बसली. अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, “खांदा नाही हो. कान. कान दाखवून या म्हणत होते मी.”

“मग मोठ्यानं म्हणायचं.”

“मोठ्यानंच म्हणत होते. शिंप्यानं चौकशी केली, तुमच्या कानाला काय झालं म्हणून.”

मंगळवारी डॉक्टरकडे जायचं ठरलं. उजवा. इतकी वर्षं पाणी आणि वारा खाल्लेल्या कानात हाड वाढतं, वाट बुजते, असं शिट्टी म्हणतो. त्याच्या काकांना झालं होतं. सगळ्यांना सगळं माहीत.

रविवार, १६ ऑक्टोबर

रात्री बायकोनं दुखऱ्या खांद्याखाली मऊ उशी सरकवून मला उजव्या कुशीवर वळवलं. मी कुरकुरलो.

पहाटे डोळे उघडायच्या आधीच समुद्र घरात शिरला. जड धप्प, मग लांबलचक सळसळ, आणि पाणी मागे जाताना शिंपल्यांची ती बारीक खळखळ. ती ऐकू यायची थांबली होती, हेही मला समजलं नव्हतं. चांगला कान उशीत खुपसून आणि बुजलेला वर करून मी तीन महिने समुद्राची परीक्षा घेत होतो. पाच श्वास मोजले. छाती, वर दोन बोटं. मागे बायको म्हणाली, “आता तरी उठा, चहा निवतोय.” पुटपुटत वगैरे नव्हती. चांगली ओरडत होती.

किनाऱ्यावर थोरली खडू घेऊन फळ्यापाशी उभी.

“किती, पप्पा?”

“छाती. वर दोन बोटं.”

तिनं फोन बघितला, मग समुद्र बघितला, मग लिहिलं: ‘छातीभर. आज वर्ग नाही.’

“आणि दोन बोटं?”

“सहायकांची सूचना विचाराधीन आहे.”

हसलो, कितीतरी दिवसांनी. मग दोघं लाटा बघत उभे राहिलो. वारा जोराचा, तरी तिचा शब्दन् शब्द मला ऐकू येत होता. बघितलं तर ती माझ्या डाव्या बाजूला. आठवायला लागलो. बुधवारी बसली होती ती डावीकडे. त्या भांडणात उठून आली तीही डावीकडे.

विचारलं, “कधीपासून उभी राहतेस गं या बाजूला?”

ती खडूचे हात झटकत म्हणाली, “मार्चपासून.”